आत्याने लावलेलं गुडघ्याचं औषध

गेल्या हिवाळ्यात मनालीला स्की शिकायला गेले होते. भाड्याच्या बुटांनी अंगठ्यांची नखं काळी केली, नडग्या सोलून काढल्या. म्हणून यंदा एका मैत्रिणीचे जुने बूट विकत घेतले. शिकवणाऱ्या सरांनी फोनवर सांगितलं, "सीझन सुरू व्हायच्या आधी रोज थोडा वेळ घरात घालून फिर. पायाला सवय होऊ दे."

तेव्हापासून मुरबाडच्या आमच्या घरात मी संध्याकाळी ठोक ठोक करत फिरायला लागले. ते बूट म्हणजे कडक प्लास्टिकचे डबेच. घोटा हलत नाही, गुडघे सदा वाकलेले. करंगळी तर नुसती ठणकायची. त्यातच उभी राहून मी भाजी चिरायचे. आई म्हणायची, "फरशी फुटली तर बघ हां."

धसईची आत्या तांदूळ घेऊन आली, तेव्हा मी अशीच वाकून चहा ओतत होते. तिने पदर तोंडाला लावला. "काय गो, सासरी जायच्या आधीच वाकायची प्रॅक्टिस काय? आण, मला घाल एक."

उजवा बूट घालून मी बकलं खटाखट लावली. आत्या उठली, डुलली, भिंत धरून थेट अंगणात. शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"अगोबाई, हे काय?"

"गुडघ्याचं औषध," आत्या चेहरा जराही न हलवता म्हणाली. "मुंबईचा डॉक्टर देतो. बघा, माझा गुडघा दुखतच नाय."

आत्याचा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. मी तोंड उघडणार, तोच तिने मला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी काकू जावेला घेऊन दारात. आता मला राहवेना. "अहो काकू, हे बर्फात घालायचे बूट आहेत."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या डॉक्टरनेपण गुडघ्याला बर्फच लावायला सांगितलाय."

आणि त्यांनी पाय पुढे केला. काकूंचा रुंद पाय दाबून दाबून आत गेला, पण बाहेर येईना. मुक्कामाला राहिलेल्या आत्याने त्यांना मागून कवेत धरलं, मी बूट ओढला. काकू हसता हसता ओरडत होत्या. बूट सुटला तशी मी तो पोटाशी घेऊन उंबऱ्याबाहेर जाऊन पडले. काकूंनी पाय झटकला. "खरंच, हलकं वाटतंय गो!"

मग काय, आमची सगळी आळीच येऊन गेली. प्रत्येकीला उजवाच बूट हवा, कारण आत्याला त्याचाच गुण आला होता.

सीझन सुरू झाल्यावर मी मनालीला गेले आणि पहिल्याच दिवशी डाव्या टाचेला फोड आला. दुपारी बकलं सैल करून बसले होते. सरांनी उजवा बूट आतून चाचपून पाहिला.

"हा मस्त मऊ झालाय. रोज किती वेळ घालत होतीस?"

"मी एकटीने कुठे, सर?" मी म्हटलं. "आमच्या आळीने घातला."

सर हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.