पन्नास घरांच्या वतीने

आमची ही घरोघर जाऊन डोळे तपासते. औषध द्यायला नाही हं, मोजायला. किती जणांना नीट दिसत नाही, ते. वस्तीतल्या दोन हजार घरांतून चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं काढायची आणि तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना वीस फुटांवरून एक कागद दाखवायचा. कागदावर फणीसारखी चिन्हं, ओळीगणिक लहान होत गेलेली. दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. एका घरी कुत्रं चावलं, तरी हिने त्याऐवजी शेजारचं घर घेतलं नाही. तीन फेऱ्या मारल्या. इतका हेकटपणा मी फक्त माझ्या सासूबाईंत पाहिला होता.

मी शिंपी. पुढे दुकान, मागे घर. दोन वर्षांपासून मला सगळं धुक्यातून दिसायचं, पण कुणाकडे ब्र काढला नव्हता. शिंप्याला दिसत नाही हे कळलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान गाठतं.

आणि चिठ्ठीत नेमकं आमचंच घर निघालं. स्वतःच्या घरचं हिला तपासता येत नाही, म्हणून हिच्या सहकारी बाई आल्या. आता गंमत अशी की सरावासाठी हिने तोच कागद आठ दिवस आमच्या भिंतीवर लावला होता. रोज जवळ जाऊन मी तो तोंडपाठ केला होता. उजवीकडे, वर, खाली, डावीकडे, सगळं धडाधड दाखवलं. बाईंनी लिहिलं, ‘नीट दिसतं’. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

जेवताना ही म्हणाली, ‘अहो, पाठ केलंत ना?’

‘कोण म्हणतं?’

‘रोज सकाळी बारा सुया ओवून मी कशाला जाते? व्यायाम म्हणून?’

दोन वर्षं टाचण्यांच्या उशीवर ओवलेल्या सुया टोचलेल्या असायच्या आणि मी समजत होतो, हिला हौस आहे. गाढव मी, दुसरं काय. तरी पडलो तरी नाक वर. म्हटलं, ‘एक माणूस इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळणार आहे?’

‘तुम्ही एक नाही. आपलं घर पन्नास घरांच्या वतीने बोलतं. समोरच्या आजी भिंत चाचपत दुकानात येतात. त्यांची चिठ्ठी निघाली नाही. त्यांच्या वाटचं तुम्ही बोलायचं होतं. आकडा कमी आला की इथे डोळ्यांचा दवाखाना हवाच कशाला म्हणतील, आणि फाईल बंद.’ मग ताटाकडे बघत म्हणाली, ‘आणि मला तुमच्या डोळ्यांची फार भीती वाटते हो.’

जेवण झाल्यावर मी उशीवरच्या सुया बोटाने चाचपून मोजल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी हिच्या ऑफिसचे तीन जिने चढलो. त्या बाईंना सांगितलं, ‘काल मी लबाडी केली. पुन्हा तपासा, आणि कागद उलटा धरा.’ उजव्या डोळ्याला सगळ्यात मोठं चिन्हसुद्धा दिसेना, डाव्याला जेमतेम तेवढंच. बाईंनी कालची नोंद खोडली, नवी लिहिली, शेजारी सही केली. माझे कान तापले होते, पण खोटं कशाला बोलू, जिना उतरताना हलकं वाटलं.

तपासलेल्या बहात्तर जणांत अकरा जणांना नीट दिसत नव्हतं. तेवढ्यावर दवाखाना मंजूर झाला, मंगळवार आणि शुक्रवार. समोरच्या आजींचा मोतीबिंदू माझ्याआधी निघाला. माझे दोन्ही डोळे झाल्यावर मी हिला म्हटलं, ‘आता तरी अकराचे दहा कर.’

‘तो त्या दिवसाचा आकडा आहे. त्या दिवशी दिसत नव्हतं, तर नव्हतं.’

हल्ली माप घेताना मी आपणहून सांगतो की त्या अकरांतला एक मी. ऐकून एक गिऱ्हाईक गेलं, कापडासकट. पण चौघांनी हळूच विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो. मी ऐटीत हिला सांगितलं, ‘चार जण मिळवून दिले, मांड तुझ्या कागदावर.’

‘स्वतःहून आलेले मोजणीत धरत नाहीत,’ ती म्हणाली. ‘त्यांना शुक्रवारी घेऊन जा. आणि दिसत नाही हे बोलायला ज्यांना जमत नसेल, त्यांच्या वतीने तुम्हीच बोला.’