फळ्यावरचा पहिला नंबर

टेबलावर तीन टेपरेकॉर्डर उघडून ठेवले होते आणि तिन्ही धडधाकट होते. तक्रार मात्र एकच, टेप फिरतो पण आवाज येत नाही. मी हेड साफ केलं. हेड म्हणजे मशीनचा कान. कॅसेटमधली पट्टी त्याच्यावरून घासत जाते तेव्हा आवाज निघतो, आणि त्याच्यावर धूळ बसली की आवाज बसतो. स्पिरिटचा बोळा फिरवला, माझी टेस्टिंगची कॅसेट घातली, तिन्ही खणखणीत वाजले. देऊन टाकले. दोनच दिवसांत समोरचे बांगड्यावाले रशीदभाई आपला टेप काखोटीला मारून पुन्हा हजर. परत मुका झाला म्हणाले. मी चिडलो, कारण माझ्या हातची दुरुस्ती परत येत नसे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं रिपेअरिंगचं आणि कॅसेटविक्रीचं दुकान होतं. दर डिसेंबरात मी दाराशी फळा लावायचो, ‘यंदाचे माझे पाच अल्बम’. कंपनीचा एजंट काय म्हणतो, खप किती, याच्याशी संबंध नाही. माझ्या कानाला आवडले ते पाच. वर्षातल्या शेवटच्या रविवारी, बाजार भरलेला असताना, पहिल्या नंबरचा अल्बम दुकानाच्या कर्ण्यावर दोन्ही बाजू पूर्ण लावायचा, ही पद्धत. मंचरपासून माणसं फळा वाचायला यायची.

त्या वर्षी पाच शोधताना कान किटले होते. ज्याच्याकडे दोन ट्रॅक्टर तो अल्बम काढत होता. हिंदी सिनेमाची चाल घ्यायची, तिच्यात देवाचं नाव कोंबायचं, खाली कीबोर्डचा ठोका, आणि कव्हरवर निर्मात्याचा गॉगल लावलेला फोटो. गायकाचं नाव भिंग लावून वाचा. त्या रद्दीतून मी पाच काढले. पहिल्या नंबरला नारायणगावच्या एका फडातल्या वयस्कर बाईंच्या गौळणी होत्या. साथीला ढोलकी, तुणतुणं, बस्स. बाईंचा आवाज थोडा फाटलेला, पण शब्द असा टाकायच्या की हातातला स्क्रूड्रायव्हर थांबावा.

फळा रंगवत होतो तेवढ्यात भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे माझे गाळामालक. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, तो जानेवारीत संपत होता. त्यांनी नुकताच दत्तजयंतीचा मुहूर्त साधून दत्तगीतांचा अल्बम प्रकाशित केला होता. गायक त्यांचे मेहुणे दिलीपराव. साऱ्या तालुक्यात फुकट वाटला होता. भाऊसाहेबांनी एक कॅसेट माझ्या काउंटरवर ठेवली आणि फळ्याकडे बघत म्हणाले, "ह्यो पहिल्या नंबरला टाका. कराराचं मग जानेवारीत बसून बोलू."

कुणाला वाटेल ते बोलू द्या, पण गाळा गेला तर पोटापाण्याचं काय, हा विचार पहिला आला. निदान ऐकू तरी, म्हणून ते गेल्यावर कॅसेट लावली. नुसती सुरसुर. पट्टी फिरतेय, आवाज नाही. बाजू बदलली, तेच. टेस्टिंगची कॅसेट घातली, मशीन ठणठणीत. मग माझी ट्यूब पेटली. रशीदभाईंच्या दुकानात जाऊन विचारलं, टेपमध्ये काय लावताय? त्यांनी तीच कॅसेट काढून दाखवली, गॉगलवाला फोटो. ती बाकीची दोन गिऱ्हाइकंही फुकट कॅसेट मिळालेलीच निघाली. कोऱ्या कॅसेटींवर कव्हर चढवून वाटल्या होत्या! आणि इतके दिवस तालुक्यात कुणाला पत्ता नाही. निम्म्यांनी हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली होती, आणि ज्यांनी वाजवली ते आपलाच टेप बिघडला म्हणून गप्प.

मी सरळ भाऊसाहेबांच्या घरी गेलो. माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायची हौस मला नव्हती. म्हटलं, ती कॅसेट एकदा ऐकून बघा, काहीतरी गडबड आहे. तर म्हणाले, "अवो, रोज पूजेला लावतो मी. डोळ्यांतनं पानी येतं." दिलीपराव शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा पडला आणि ते आतून पाणी आणायला उठले. मी तरी आणखी एकदा विनवलं, फळ्यावर ठेवतो, पण रविवारी कर्ण्यावर नको. भाऊसाहेब बिघडले. "बाकीच्यांचं वाजवता आन् आमचंच न्हाई? पूर्ण लावायचं. मी सोता येतो."

या, म्हटलं मनात. गौळणी दुसऱ्या नंबरवर ढकलताना खडू मोडला, इतका राग आला होता.

रविवारी भाऊसाहेब फेटा बांधून आले. मागं चमच्यांची रांग. दिलीपराव आले नाहीत, त्यांचा घसा बसला होता म्हणे. नारळ फुटला. मी बटण दाबलं. कर्ण्यातून सुरसुर सुरू झाली आणि भर बाजारात ती पसरली. एका चमच्याने डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला सुरुवात लई शांत घेतलीय. आणखी थोडा वेळ गेला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मशीन खराब हाय तुमचं," भाऊसाहेब म्हणाले.

मी गौळणींची कॅसेट घातली. बाईंचा आवाज पार वेशीपर्यंत गेला. रशीदभाई आपल्या दुकानातून उठून आले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "म्हंजे आमचा टेप चांगला व्हता की राव. मी दोनदा दुरुस्तीला टाकला." भाजीवाल्या बायका आधी हसल्या, मग सगळा बाजार. भाऊसाहेबांनी फेटा सावरला आणि जीपमध्ये जाऊन बसले. मागाहून कळलं, मुहूर्ताआधी रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. दिलीपरावांनी ठरवलं होतं, आधी वाटून टाकू, गाणी सावकाश भरू.

जानेवारीत करार झाला नाही. गाळ्यात दिलीपरावांनी कॅसेटचं दुकान थाटलं. मी एसटी स्टँडमागं टपरी टाकली आणि डिसेंबर आल्यावर तिथंही फळा लावला. कानाचं काम तोंडदेखलं केलं की गाळा वाचतो, एवढं मी शिकलो. शिकून उपयोग काही झाला नाही. पण भाऊसाहेबांवर अन्याय नको. त्या वर्षी निघालेल्या देवाच्या अल्बमांमध्ये पहिला नंबर खरंच त्यांचा होता. अख्ख्या कॅसेटीत एकही सूर चुकला नव्हता.