नम्रपणे असमर्थ

ज्ञानापुढे सारे समान असतात. शाळेच्या व्हरांड्यात हे ठळक रंगवलेलं होतं. रंगाऱ्याला मजकूर मीच लिहून दिला होता, कारण शाळेत अक्षर माझं चांगलं.

दुष्काळाचं साल. पाथर्डीच्या बाजूचं गाव. आमचे हेडमास्तर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर माझं नाव, आणि माझ्यानंतर पाच वर्षांनी लागलेले भूगोलाचे सर. संस्थेच्या चेअरमननी मला ऑफिसात बोलावलं. भूगोलाचे सर आधीच खुर्चीत होते. मला कुणी बसा म्हटलं नाही.

"बाई, मोत्यावानी अक्षर हाय तुमचं. लिवा."

चेअरमन सांगत गेले, मी उभ्यानंच लिहीत गेले. 'घरगुती अडचणींमुळे मुख्याध्यापकपद स्वीकारण्यास मी नम्रपणे असमर्थ आहे.'

"खाली नाव कुणाचं घालू?"

भूगोलाचे सर हसले. चेअरमन म्हणाले,

"तुमचंच की! दुसरं कोन हाय? गावातली चार टाळकी रोज हापिसात येऊन बसत्यात. बाईमानसाला कशाला ताप? तुमच्या मालकांना विचारलंय मी. त्यांची काय हरकत न्हाई."

त्यांची नव्हती. माझी होती. ती विचारायची राहून गेली होती.

पण हात थांबला तो त्यामुळे नाही. हे पत्र मी आधी लिहिलं होतं. शब्दन् शब्द. आठ वर्षांपूर्वी, याच टेबलावर, थोरल्या बाईंसाठी. त्या गणित शिकवायच्या, शाळेत सगळ्यांत जुन्या. मी नवी. सांगितलं तसं लिहिलं, वळणदार. शाई ओली होती. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून फुंकर घातली, सही केली आणि मला म्हणाल्या, "छान उतरलंय गं."

पुढे त्या तास संपल्यावरही फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मुलं हसायची. एकदा मीही हसले. बाई वारल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ती फुंकर मला अजून मानेवर जाणवते. समोर कोरा कागद असला की जास्त.

मी पेनाला टोपण लावलं.

"मी असमर्थ नाही. सही करणार नाही."

"बाई, नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. म्हणूनच."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसले. नवा कागद घेतला. त्याच अक्षरात मुख्याध्यापकपदासाठी अर्ज लिहून चेअरमनपुढे सरकवला. पोच मागितली. दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज मी रजिस्टर पोस्टानं पाठवला.

जूनमध्ये भूगोलाचे सर हेडमास्तर झाले. मी ठरवलं: माझ्या हातानं यापुढे कुठल्याही बाईची असमर्थता लिहिली जाणार नाही. आणि जागा रिकामी असो नसो, दर एप्रिलला माझा अर्ज जाईल.

सतरा गेले. संस्थेचं उत्तर एकदाच आलं: 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' मी निवृत्त होऊन तेव्हा आठवडा झाला होता.