कॅलेंडराच्या कव्हरांतला राज्यशास्त्राचा अभ्यास

आमच्या घरात पुस्तक आलं की आधी त्याला कव्हर घालायचं, मगच उघडायचं. आईची ही शिस्त मी अजून पाळतो, कारण मला दुसरी कुठलीच शिस्त जमलेली नाही. मुलीची पीएच.डी.च्या मुलाखतीची पुस्तकं आली तेव्हा दाजीबानपेठेतल्या कापडदुकानाचं जुनं कॅलेंडर मी सत्कारणी लावलं. राजकीय सिद्धांत, आंतरराष्ट्रीय संबंध, गुन्हेगारीशास्त्र, इस्लामी तत्त्वज्ञान. चौघांना उलट्या पानांचे एकसारखे पांढरे अंगरखे. वर नावं संध्याकाळी लिहू म्हटलं. ती संध्याकाळ काही आली नाही.

मुलीची अडचण वेगळीच होती. तिला सगळं येतं, पण मुलाखतीत तोंड उघडत नाही. गेल्या वर्षी धारवाडला विद्यापीठातल्या मुलाखतीत नुसतं पाणी पिऊन ती तशीच उठून आली होती. यंदा जागा नाही मिळाली तर विषयच सोडते, म्हणाली. तेव्हा घरीच मुलाखती घ्यायच्या असं मी ठरवलं. प्रश्न विचारायचे तर चार पानं वाचायला हवीत, म्हणून वरचं पुस्तक उचललं. पुस्तकाची पहिली पानं मी नेहमी सोडतो. त्यांत आभारच असतात.

रविवारी चहाच्या वेळी मी खुर्चीत ताठ बसलो. समोर मुलगी. "राज्य म्हणजे काय?" मी विचारलं. आत बायको चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवत होती. वाट बघून शेवटी मीच बोललो, "राज्य म्हणजे मुळात एक टोळी. तिला म्होरक्या लागतो, हद्द लागते आणि फुटेल त्याला शिक्षा."

"अप्पा, हे कुठं वाचलंत?"

"कुठं म्हणजे? राजकीय सिद्धांतात. तिसरं प्रकरण."

तिनं पुस्तक ओढून पहिलं पान उघडलं. "हे गुन्हेगारीशास्त्र आहे!"

आतून बायको म्हणाली, "मग फरक काय पडला म्हणे?"

मुलगी हसत सुटली आणि हसता हसता एकदम तापली. "पडतो की, आई! टोळीला लोक नुसते भितात. राज्याला मानतात. का मानायचं, कुठवर मानायचं, केव्हा नाही म्हणायचं, सगळं शास्त्र त्याच्यावर तर उभं आहे..." ती बोलत राहिली. गिरमिट मऊ पडलं. बायकोनं दारातून माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

मला माझं काम सापडलं. रोज काहीतरी चुकीचं बोलायचं. त्याला मला तयारी लागत नाही. "देशादेशांचं काय, आपल्या चाळीसारखंच," असं म्हटलं की ती उसळायची. "चाळीला मालक असतो, अप्पा! देशांच्या वर मालक नाही, हाच तर घोळ!" इस्लामी तत्त्वज्ञानाचं पुस्तक हातात धरून मी म्हणालो, "इथं तर्काला काय काम? सगळी श्रद्धाच." त्यावर मला पुरा एक तास मिळाला. बुद्धी कुठवर पोचते यावर तिथल्या वैद्यांनी, काझींनी पिढ्यान्‌पिढ्या कसे वाद घातले, ते मी मान खाली घालून ऐकलं.

"मुद्दाम चुकता काय हो?" बायकोनं एकदा हळूच विचारलं.

"निम्मं मुद्दाम," मी म्हणालो. निम्मं हेही जरा जास्तच सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी ती दुपारी परत आली, चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"बोललीस?"

"पहिल्या प्रश्नाला नाही. मग मुलाखत घेणाऱ्यांतले म्हातारे सर म्हणाले, इस्लामी तत्त्वज्ञान म्हणजे ग्रीकांची नक्कलच, नाही का?"

"मग?"

"मी म्हटलं, 'अप्पा, असं नाही ते.'"

"सरांना?"

"हौदु की, सरांनाच! सगळे हसले. सरसुद्धा. पण मग मी थांबलेच नाही. शेवटी तेच म्हणाले, पुरे आता, दुसऱ्यांनाही आत घ्यायचंय."

जागा मिळाली. परवा नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. मी कॅलेंडर आणि कात्री घेऊन बसलो, आणि ह्या वेळी शहाणपणानं शेजारी पेनही ठेवलं.

मुलीनं ते पेन उचलून आपल्या खिशात घातलं. "नावं लिहू नका, अप्पा. तुम्ही तसंच वाचा."