मोडलेली गवार

हिंजवडीहून कंपनीची बस मला नारायण पेठेजवळ सोडायची. त्याच कोपऱ्यावर ती बसलेली असायची. नाव मी कधी विचारलं नाही. पुढ्यात निवडलेल्या मेथीच्या, सोललेल्या मटारच्या, मोडलेल्या गवारीच्या पिशव्या. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिची मान खाली आणि काळी पडलेली बोटं चालूच. गवारीला ती सुरी लावत नसे. हातानं मोडून दोन्हीकडच्या शिरा ओढून काढायची.

माझ्या सासूबाईंना तशीच गवार लागते. मी पिशवी जिन्यातच लॅपटॉपच्या बॅगेत कोंबायचे, आणि सकाळी त्या उठायच्या आत भाजी फोडणीला टाकायचे. ‘नोकरी करून निगुतीनं गवार मोडते हो आमची सून,’ असं त्या शेजारी सांगायच्या. मी कधी खोडून काढलं नाही.

एका शनिवारी सुट्टी होती. मी ऐटीत म्हटलं, ‘आज अख्खी द्या. घरीच मोडीन.’

तिनं गवार तोलली. ‘घ्या की ताई. पण घरच्यांना तुमच्या हातची आवडंल का आता?’

मला राग आला. भाजीवालीनं किती बोलावं!

दुपारी जेवताना सासूबाईंनी तोंडातून शीर ओढून ताटाच्या कडेला ठेवली. ‘दोराही वाढलायस वाटतं आज. रोजच्यासारखी तुझ्या हातची नाही लागत ही.’

सोमवारी मी काही मागायच्या आत तिनं मोडलेल्या गवारीची पिशवी पुढे केली, आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

खाली मान मी घातली.