करवत नको, शिंगं काढ

“मॅडम, पाय काढा!”

मी मेजर टेप घेऊन लॉकर रूमच्या मधोमध उभी होते. खाली गालिच्यावर टीमचा लोगो होता, बर्फ कापायची मोठी करवत. तिच्या पात्यावर माझा बूट. मी दचकून बाजूला झाले आणि काही न सुचून वाकले, गालिच्याला हात लावून कपाळाला लावला. पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसा. सवय, दुसरं काय!

ओरडणारा वॉल्ट बघतच राहिला. तो इक्विपमेंट मॅनेजर, म्हणजे जर्सी धुण्यापासून स्केट्सना धार लावण्यापर्यंत सगळं बघणारा माणूस. हॉकीत लॉकर रूममधल्या लोगोवर कुणी पाय देत नाही, हे मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं ब्रँडिंग करते आहे, पण आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

छोट्या लीगमधली ही प्रोफेशनल टीम उत्तरेकडच्या एका गावातून नुकतीच टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आली होती. खेळाडू आले, कोच आला, वॉल्ट आला. लोगो मात्र बदलायचा, असं नवे मालक देशमुखकाकांनी ठरवलं होतं. काका रिटायर्ड कार्डिऑलॉजिस्ट. “करवत नको गं, शिंगं काढ,” त्यांनी मला सांगितलं होतं. “टेक्सासचा मस्त लांब शिंगांचा बैल!”

मी वॉल्टला करवतीबद्दल विचारलं. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा त्या गावची माणसं हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून शहरांना विकायची. त्यांच्याच नातवंडांनी टीम सुरू केली. “ही गेली, तर आम्ही कोण ते सांगायला काही उरणार नाही,” तो म्हणाला.

शिंगांची नऊ डिझाइन्स तयार होती. प्रेझेंटेशनला मी काकांपुढे करवतच ठेवली.

“अगं, टेक्सासमध्ये करवत कोण घेणार? कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करू का तुझं?”

“करा. पण काका, तुम्ही या देशात आलात, तेव्हा सुटसुटीत नाव घ्या असं कुणी म्हणालं नाही?”

“म्हणाले की! हॉस्पिटलमध्ये सगळे म्हणायचे, ‘डीन’ म्हणवून घे.”

“मग?”



“मी नाही ऐकलं,” ते म्हणाले. “बरं, ठेव करवत. रंग मात्र इथल्या उन्हाचा, पिवळाधमक. त्यात तडजोड नाही.”

पहिल्या मॅचला पिवळ्या करवतीच्या टोप्या हातोहात संपल्या. जुन्या गावाहून दोन दिवस ड्राइव्ह करून दोन म्हातारी जोडपी आली होती. त्यांच्या घोषणा फ्रिस्कोच्या पोरांनी लगेच उचलल्या. टीम सहा गोलांनी हरली, तरी लोक खुर्च्या सोडेनात.

तेव्हा नवा लोगो काढण्याआधी जर्सी धुणाऱ्या माणसाशी बोलून घ्यावं. आणि लोगोने गोल होत नाहीत, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहून ठेवावं.