उतरवलेलं गोंदण

चामोर्शीतल्या मुखरूच्या स्टुडिओबाहेर पाटी होती: ‘मुलगी दाखवायचे फोटो काढून मिळतील. गोंदण दिसणार नाही.’ नव्वदच्या दशकातली गोष्ट. रंगीत फोटो धुवायला चंद्रपूरला जायचे. काळ्यापांढऱ्यावर मात्र मुखरूचं राज्य होतं.

पद्धत ठरलेली. तोंडावर पावडरचा थर, समोरून दोन मोठे दिवे, गोंदलेले हात पदराखाली आणि नजर प्लॅस्टिकच्या गुलाबावर. एवढं करूनही हनुवटीवर ठिपका उरलाच, तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायची. तिथे पेन्सिल लागली की फोटोत तेवढी जागा गोरी. लग्नानंतर नवऱ्याला ठिपके सापडत, पण तोवर पंगती उठलेल्या असत. मुखरू याला समाजसेवा म्हणायचा.

एका बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावाहून पोचू आला, मागे बायको सोमारी. त्यानं मुखरूनंच काढलेला तिचा फोटो टेबलावर आपटला.

“भाऊ, माही बायको वापस द्या.”

“मागं उभी हाये ना!”

“हे तं हाये. पण फोटोत कोणाची देल्ली? पोरीले गडचांदूरले नेऊन देल्ला, तं रंजीता म्हणते, ‘बा, तू दुसरी केली का?’”

मुखरू दुखावला. “अजी, दहा वर्षांनी तरणी केली मी बाईले! कपाळ पाहा, एक डाग नाई.”

“डाग?” सोमारी पुढे आली. “सोनंनाणं इथीच राह्यते, भाऊ. मेल्यावर संग येते ते गोंदणच. तुमी तं जित्तेपणीच उतरवलं. पोरीच्या घरी मी अशी बोडकी लटकू?”

“बसा. दुसरा काढतो. त्यात काय कठीण हाये?”

कठीणच होतं. आयुष्यभर मुखरू लपवायला शिकला होता. सवयीनं पावडरचा डबा उचलला, तशी सोमारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की डबा आपोआप खाली गेला. दोन्ही दिवे लावले, तर कपाळ नुसतं चकाकलं आणि गोंदण विरलं. मग एक दिवा विझवला, दुसरा बाजूला नेला, त्याच्यापुढे धुतलेलं धोतर टांगलं. उजेड मऊ झाला. भिंगावर नारिंगी जिलेटिन कागद लावला. त्यानं हिरवं-निळं गडद उमटतं, हे त्याला ठाऊक होतं, कधी गरज पडली नव्हती.

“हात पदराखाली घ्या, बाई.”

“काऊन? हात काय चोरीचे हायेत?” तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून मांडीवर मांडले, बाजारात माल मांडावा तसे.

पोचू भिंतीवरचा मोठा फोटो पाहत होता. “ही कोण?”

“माही माय.” मुखरू कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून बोलला. “माही पयली कारागिरी. आता नाई राह्यली ते.”

“हिले गोंदण नोयतं?”

“होतं.”

“किती ठिपके?”

मुखरूला फोटोतली गुळगुळीत हनुवटी लख्ख आठवत होती. आईची आठवेना. तीन होते की पाच? तिचा दुसरा फोटो नव्हता.

“भाऊ, झोपले का आत?” सोमारी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. त्या हसण्यात मुखरूनं बटन दाबलं.

पुढच्या बाजाराला दोघं फोटो न्यायला आले. सोमारीनं कपाळ, गाल, हनुवटी, मनगटं, एकेक नक्षी बोटानं तपासली. गर्दीतून सुखरूप बाहेर आल्यावर बाई गळ्यातला दागिना चाचपते, तशी.

“हं. आता मी हाये.”

ते गेल्यावर मुखरूनं दार लोटलं, पेटीतून आईची निगेटिव्ह काढली. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं आपलीच पेन्सिल पुसायला बसला. चांगलं काम पुसायला वेळ लागतो, आणि त्यानं फार चांगलं केलं होतं. मग तिच्यावरून नवा फोटो छापायला घेतला; कागद तबकातल्या औषधी पाण्यात हलत राहिला. आधी डोळे आले, मग ओठ. मग पावडरीच्या थराखालून, फिके का होईना, ठिपके.

पाच.

जुना फोटो उतरवून त्यानं हा टांगला.

सकाळी गोंडपिपरीचे गुणवंतराव लग्नाची पोरगी घेऊन आले. बाहेरची पाटी त्यांनी दोनदा वाचली, आतला फोटो पाहून थबकले.

“भाऊ, या बाईचं गोंदण तेवढं राह्यलं वाटते.”

मुखरूनं पोरीच्या हनुवटीवरचा ठिपका पाहिला, पावडरचा डबा उघडला.

“हो जी,” तो म्हणाला. “राह्यलं.”